पंपावरची वाफ: बडोद्यात नवा पेट्रोल पंप सुरू करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पादरा रोड, डभोई रोड, वाघोडिया किंवा छाणीकडे नव्या पंपाचं वाटपपत्र हातात पडलं की माणूस जमिनीच्या कागदांत, बँकेत आणि छत किती उंच घ्यायचं यात गुंततो. वाफेचा विषय निघतो तो थेट टाक्या पुरून, वर काँक्रीट ओतून झाल्यावर. तेव्हा तो महाग पडतो. जमिनीखाली जे राहून गेलं ते नंतर बसवायचं म्हणजे फोरकोर्ट (गाड्या उभ्या राहतात ते काँक्रीटचं आवार) फोडणं आलं, आणि तेवढे दिवस विक्री बंद.

म्हणून हा लेख वाफेच्या वाटेने लिहिला आहे: ती कुठून निघते, तिला कुठे अडवायचं आणि त्याचा कोणता कागद कोण मागतो. डिझेलचा विचार इथे जवळजवळ नाही. डिझेलची वाफ नगण्य असते आणि वाफ पकडून परत नेणारी व्हेपर रिकव्हरी सिस्टिम, म्हणजे सगळे जिला व्हीआरएस म्हणतात ती, पेट्रोललाच लागते.

१. आधी हिशेब समजून घ्या

पेट्रोलची वाफ पंपावर तीन जागांवरून बाहेर पडते. टँकर खाली करताना टाकीतली वाफ व्हेंट पाइपमधून वर जाते. गाडीत पेट्रोल भरताना गाडीच्या टाकीतली वाफ तोंडातून बाहेर येते. आणि दिवसभरात तापमान व दाब बदलतो तशी टाकी श्वास घेते, सोडते. यात सांडलवंड मिळवा.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे उत्सर्जन गुणक जुने आहेत, पण अंदाजासाठी अजून चालतात. महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल विकणाऱ्या पंपाला ते लावून पाहा. टाकीत वरून धार पडत असेल तर नुसत्या भरण्यात महिन्याला सुमारे ४१४ किलो वाफ जाते. फिल पाइप (टँकरचं पेट्रोल टाकीत उतरवणारा) तळापर्यंत नेला असेल तर सुमारे २६४ किलो. त्यावर वाफ परत टँकरमध्ये घेतली तर सुमारे १२ किलो. गाड्यांत भरताना काहीच अडवलं नाही तर ३९६ किलोच्या आसपास, नोझलवर वाफ ओढली तर साधारण ४० किलो. टाकीचा श्वास ३६ आणि सांडणं २४ किलो. नुसता तळापर्यंतचा पाइप आहे, बाकी काही नाही, अशा पंपावर बेरीज ७२० किलोवर जाते. द्रवाच्या हिशेबात ते हजार लिटरच्या जवळपास झालं. बडोद्याच्या मे महिन्यात टँकरमधलं पेट्रोल किती तापलेलं येतं हे पाहता हे आकडे कमीच धरा.

यातलं सगळं तुमच्या खिशातून जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाडीच्या टाकीतून निघणारी वाफ ग्राहकाच्या जुन्या पेट्रोलची असते. आणि टँकरबरोबर गेलेली वाफ टँकर जिथे भरतो त्या टर्मिनलला मिळते, तुम्हाला नाही. तुमचा फायदा वेगळ्या जागी आहे. नोझलमधून पेट्रोल बाहेर गेलं की टाकीत तेवढीच जागा रिकामी होते. व्हेंटमधून ताजी हवा आत आली तर ती हवा भरून काढण्यासाठी तुमचंच पेट्रोल उडतं. तिथे हवेऐवजी गाडीकडची दाट वाफ आली तर नवं पेट्रोल उडायचं कारण उरत नाही.

सरकारला यात रस आहे तो दोन कारणांनी. ही वाफ उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करते. दुसरं कारण बेंझिन. बीएस-सहा पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का चालतं, आणि हवेतली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. तुमचा सेल्समन दिवसभर नोझलपासून हातभर अंतरावर उभा असतो. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

२. कुठला नियम कुणाचा

इथे नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण चार खाती चार कागद मागतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच मुख्य.

आगीचा आणि साठवणुकीचा कायदा म्हणजे पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२. तो राबवते ‘पेसो’, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन. मुख्यालय नागपूरला, आणि बडोद्यातही त्यांचं कार्यालय आहे. पंपाचा परवाना फॉर्म चौदामध्ये मिळतो. त्याआधी नियम १४४ खालची ना-हरकत लागते. नियमातल्या व्याख्येप्रमाणे जिथे पोलीस आयुक्त आहेत तिथे ती पोलीस आयुक्तांकडची, बाकी ठिकाणी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची. जमीन शहराच्या हद्दीवर असेल तर कोणत्या दारात जायचं हे फाइल लावण्याआधी विचारा.

हवेचा भाग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, आणि इथे जमिनीवर गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, म्हणजे जीपीसीबीचा. नव्या पंपांसाठी केंद्रीय मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. अंतर, व्हीआरएस, गळतीवर लक्ष या गोष्टी त्यात आहेत.

कन्सेंट लागतं का, हा प्रश्न सारखा विचारला जातो. सगळ्या पंपांना स्थापनेची आणि चालवण्याची संमती सक्तीची करणारा हरित लवादाचा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये बाजूला ठेवला. मात्र केंद्रीय मंडळाच्या सूचना पाळायच्याच, आणि १० लाखांवर लोकवस्तीच्या शहरात महिन्याला ३०० किलोलिटरच्या वर उलाढाल असलेल्या पंपांना व्हीआरएस लावायचीच, हे कायम राहिलं. २०११ च्या जनगणनेत बडोदा शहर १६ लाखांच्या वर होतं, तेव्हा लोकवस्तीची अट इथे पूर्ण होतेच. विक्री सुरुवातीला ३०० किलोलिटरच्या खाली असेल असं धरून व्हीआरएसचे पाइप न टाकणं हा खोटा बचाव आहे. पंप चालला तर तो आकडा गाठायचाच असतो.

पंपाला जोडून गाड्या धुण्याचं सेंटर काढायचं असेल तर सांडपाण्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. जीपीसीबीला लेखी विचारून उत्तर फाइलला लावा.

कोयलीची रिफायनरी, जी १९६५ पासून चालू आहे, तिचे नियम वेगळे आणि बरेच कडक आहेत: तरंगत्या छताच्या टाक्या, दुहेरी सील, व्हॉल्व्ह-फ्लँजवरच्या गळतीची यंत्राने तपासणी, लोडिंगच्या ठिकाणी वाफ पकडणारं युनिट. ते तुमचं काम नाही. पण तुमच्या टँकरबरोबर परत गेलेली वाफ शेवटी टर्मिनलवरच पकडली जाते. म्हणून साखळीतली तुमची कडी सुटली तर पुढचं सगळं वाया.

३. जागा मोजताना

शाळा, १० किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि स्थानिक कायद्याने रहिवासी ठरवलेला भाग, यांपासून नवा पंप ५० मीटर लांब हवा. मोजमाप भिंतीपासून किंवा गेटपासून होत नाही. फिल पॉइंट, डिस्पेन्सर आणि व्हेंट पाइप यांपैकी जे सगळ्यात जवळ पडेल तिथून मोजायचं. जागा कमी पडत असेल तर पेसो सांगेल ते जादा सुरक्षा उपाय करून सवलत मिळू शकते, पण ३० मीटरच्या आत कुठल्याही परिस्थितीत नाही. पंपावरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाता कामा नये.

यात दोन सापळे. पहिला: नकाशाकार व्हेंट पाइप मागच्या कुंपणाला चिकटवून दाखवतो, कारण तिथे तो नजरेआड राहतो, आणि मागे सोसायटी असली की अंतर तिथेच संपतं. पूर्ण जागा न बदलता फक्त व्हेंट दहा मीटर पुढे घेतला तरी प्रश्न सुटतो. दुसरा: ‘रहिवासी’ म्हणजे तिथे आज घरं दिसतात की नाही हे बघू नका, विकास आराखड्यातला झोन बघा. मोकळं शेत रहिवासी झोनमध्ये असू शकतं. झोनिंगचा दाखला महापालिका किंवा वुडाकडून (वडोदरा शहरी विकास प्राधिकरण) आधी काढा, मग मोजणी.

४. फाइलमध्ये काय हवं

जमिनीचे कागद (सातबारा, बिनखेती हुकूम, झोनिंग), रस्त्याला जोडणीची परवानगी आणि अग्निशमनाची ना-हरकत या गोष्टी तेल कंपनीचा अधिकारी सांगतोच. वाफेच्या बाजूने मात्र ही वेगळी फाइल करा, कारण तपासणीला येणारा माणूस हीच मागतो:

- पेसोने मंजूर केलेला नकाशा, ज्यात व्हीआरएसच्या लाइनी, व्हेंट आणि फिल पॉइंट दाखवलेले आहेत
- फॉर्म चौदाचा परवाना
- टाक्यांचं चाचणी प्रमाणपत्र (आयएस १०९८७ प्रमाणे)
- जमिनीखालच्या लाइनींची दाब चाचणी, तारखेसह आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांसह
- काँक्रीटआधीचे फोटो, मोजपट्टी दिसेल असे
- नोझल, होज, व्हॅक्यूम पंप आणि व्हॉल्व्ह यांची पेसो मंजुरी
- व्हीआरएस चालू केल्याचा अहवाल आणि त्यानंतरचे वार्षिक तपासणी अहवाल
- ५० मीटर अंतराचा मोजणी नकाशा
- देखभालीचा करार: कोण येणार, किती तासांत येणार

इथल्या कार्यालयांत कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत चालतात. घरातले जुने मराठी दस्त, वारसनोंदी वगैरे असतील तर भाषांतर आधीच प्रमाणित करून ठेवा.

व्हीआरएस बसवण्याची जबाबदारी तेल कंपनीवर येते, पण ती रोज नीट चालवण्याची तुमच्यावर. करारात दुरुस्तीचा खर्च कुणाचा हे स्पष्ट नसेल तर सही करण्याआधी विचारा. व्हॅक्यूम पंपाचं डायफ्राम फाटलं की हा प्रश्न निघतोच.

५. जमिनीखालचं काम: इथे स्वतः उभं राहा

फिल पाइप टाकीच्या तळाजवळ गेलाच पाहिजे. नियमही तेच सांगतो. तळापासून साधारण १५ सेंटिमीटरवर तोंड यावं. त्याने वरून धार पडत नाही, फेस होत नाही, वाफ कमी निघते आणि स्थिर वीजही कमी साठते.

वाफेच्या आणि व्हेंटच्या सगळ्या लाइनी टाकीकडे उतरत्या हव्यात. १०० ला १ हा उतार सर्वसाधारण धरतात, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते, पण नोझलवरची व्हीआरएस ‘चालू आहे पण ओढत नाही’ अशी तक्रार आली की निम्म्या वेळा कारण हेच निघतं. भराव बसतो, लाइन मध्ये झोळीसारखी खाली येते, तिथे थंडीच्या रात्री वाफेचं पाणी-पेट्रोल होऊन साचतं आणि वाट बंद. बडोद्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून पाइपाखाली वाळूचा थर नीट कुटून घ्या. ठेकेदार ‘चालेल साहेब’ म्हणेल. लेव्हल ट्यूब लावून बघितल्याशिवाय मान हलवू नका.

पेट्रोल आणि डिझेलचे व्हेंट एकत्र जोडू नका. पेट्रोलची वाफ डिझेलच्या टाकीत गेली की डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते तो, खाली येतो. मग तो माल नमुन्यात नापास होतो.

व्हेंटची उंची जमिनीपासून किमान ४ मीटर. तोंडावर न गंजणारी जाळी, सेंटिमीटरला ११ छिद्रांपेक्षा कमी नाही, आणि वर टोपी. जाळी ज्वाळा आत जाऊ नये म्हणून आहे. रंगारी ती रंगवून बुजवतो, हे दर दिवाळीत होतं. बुजलेल्या जाळीने टँकर हळू खाली होतो, टाकीवर दाब येतो आणि वाफ कुठल्यातरी सैल झाकणातून निघते.

व्हेंटवर प्रेशर-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बसतो. ठरावीक दाबाला तो उघडतो आणि ठरावीक निर्वाताला हवा आत घेतो. बाजारात साधारण ३ इंच पाण्याचा दाब आणि ८ इंच निर्वात असे व्हॉल्व्ह मिळतात. तुमच्या व्हॉल्व्हवरचे आकडे लिहून ठेवा. मोकळा व्हेंट ठेवून बाकीची व्हीआरएस लावणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणं.

शेवटी दाब चाचणी. काँक्रीट ओतण्याआधी, सगळे जोड उघडे दिसत असताना. किती दाब, किती मिनिटं हे पुरवठादाराच्या पत्रकात असतं. जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा.

६. टँकर खाली करणं

रोजची सगळी गळती या अर्ध्या तासात ठरते. क्रम असा ठेवा:

(क) टँकर जागेवर, इंजिन बंद, चाकांना ठोकळे, आजूबाजूला दोरी आणि अग्निशामक जवळ. त्या टाकीवरचे डिस्पेन्सर बंद.

(ख) आधी अर्थिंगची क्लिप. रंगावर नाही, उघड्या धातूवर.

(ग) तेल कंपनीने सांगितलेला वेळ टँकर शांत उभा राहू द्या. मग सील, डिप (मापकाठी घालून पातळी), पाणी, घनता. १५ अंशांवर आणलेली घनता चलानपेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त हलली असेल तर माल घेऊ नका. जमिनीखालच्या टाकीचीही डिप आताच घ्या आणि माल मावतो का बघा. झाकण उघडून करायची सगळी कामं इथे संपतात.

(घ) सगळी झाकणं परत घट्ट. डिपचं झाकण, टँकरचा डोम, सगळं.

(च) वाफेचा होज आधी टँकरच्या बाजूला जोडा, मग टाकीच्या बाजूला. उलट केलंत तर टाकीचा पॉपेट, म्हणजे जोडातली स्प्रिंगची झडप, उघडतो आणि होजच्या मोकळ्या तोंडातून वाफ सरळ माणसाच्या तोंडावर येते.

(छ) मग पेट्रोलचा होज. त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडायचा.

(ज) संपल्यावर होज पूर्ण निथळू द्या. वाफेचा होज सोडताना आधी टाकीकडचं टोक, मग टँकरकडचं. अर्थिंग सगळ्यात शेवटी.

काय चुकतं? घाईत ड्रायव्हर दोन कप्पे एकदम सोडतो. पेट्रोल दुप्पट वेगाने येतं, वाफेचा होज मात्र एकच, आणि उरलेली वाफ व्हेंटवर जाते. एका वेळी किती कप्पे चालतील हे तुमच्या सिस्टिमच्या क्षमतेवर आहे. ते फिल पॉइंटजवळ पाटीवर लिहा. दुसरी चूक, खाली होत असताना डिप घालून बघणं, ‘किती आलं’ म्हणून. झाकण उघडलं की वाफेला टँकरपर्यंत जायचं कारणच राहत नाही. तिसरी, वाफेच्या जोडाचा रबरी गॅस्केट. तो पडतो, हरवतो, आणि होज ‘जोडलेला’ दिसत राहतो. दोन जास्तीचे गॅस्केट टेबलाच्या खणात ठेवा. आणि काही टँकर वाफेच्या जोडाशिवायच येतात. अशा वेळी वहीत टँकरचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून कंपनीला त्याच दिवशी मेल टाका. पुढे प्रश्न आला तर ही नोंदच तुम्हाला वाचवते.

व्यवस्था चालते की नाही हे डोळ्यांनीही कळतं. सकाळी अकराच्या सुमारास, व्हेंटच्या मागे पांढरी भिंत असेल अशा कोनातून टोपीकडे बघा. वाफ बाहेर येत असेल तर टोपीभोवतीची भिंत थरथरताना दिसते आणि भिंतीवर पातळ सावल्या खाली सरकतात. खाली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. म्हणूनच मॅनहोलच्या खड्ड्यात ती साचते आणि तिथे मोबाइलची बॅटरी लावून वाकणं हा मूर्खपणा आहे. टँकर खाली होताना टोपीशी काही हलताना दिसलं नाही तर परतीचा होज काम करतोय.

७. नोझल आणि दुचाकी

नोझलवरची व्यवस्था, तिला स्टेज-दोन म्हणतात, ती नळीत नळी असलेल्या होजने चालते. एका वाटेने पेट्रोल जातं, दुसऱ्या वाटेने व्हॅक्यूम पंप वाफ ओढतो. जितकं पेट्रोल तितकीच वाफ, हे प्रमाण जवळपास १ हवं. युरोपात ०.९५ ते १.०५ मध्ये ठेवतात. कमी ओढलं तर वाफ बाहेर. जास्त ओढलं तर नुसती हवा टाकीत जाते, ती पेट्रोल उडवते, टाकीचा दाब चढतो आणि तीच वाफ व्हेंटमधून निघते. म्हणजे पंप जास्त जोरात ओढतो म्हणून खूश होऊ नका.

आपल्याकडे खरी अडचण दुचाकीची आहे. मोटारीच्या नळीत नोझल खोल बसतं आणि वाफेची भोकं तोंडाच्या आत राहतात. स्कूटरची टाकी उथळ, तोंड रुंद. सेल्समन नोझल टोकावर धरतो, कारण ग्राहकाला धार बघायची असते, आणि यंत्र बिचारं रस्त्यावरची हवा ओढत बसतं. अर्धी विक्री दुचाकींची असेल तर प्रमाण बिघडतंच. उपाय थोडे आहेत: दुचाकींसाठी शक्य तर वेगळी रांग आणि वेगळं नोझल, जितकं आत जाईल तितकं आत घालायची सवय आणि कमी वेग. पुरवठादाराला दुचाकींचं प्रमाण सांगून सेटिंग करून घ्या. कारखान्यातलं सेटिंग मोटारींसाठी असतं.

ऑटो कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून दाबत राहणं बंद करा. पेट्रोल तोंडाशी आलं की ते वाफेच्या वाटेत ओढलं जातं, लाइन बुडते आणि त्या नोझलची व्हीआरएस लाइन मोकळी करेपर्यंत निकामी. पाटी लावा, सेल्समनला पाठिंबा द्या. ग्राहक कुरकुरतो, दोन आठवड्यांत सवय होते.

८. तोलमापाचा सापळा

जुन्या डिस्पेन्सरवर व्हीआरएस नंतर बसवताना यंत्र उघडावं लागतं आणि तोलमाप खात्याचं सील तुटतं. खात्याला न कळवता सील तोडलं आणि पुन्हा तपासणी-मुद्रांकन न करता विक्री केली तर हेतू कितीही चांगला असो, गुन्हा तुमच्यावर. बसवणाऱ्याची तारीख आणि निरीक्षकाची तारीख एकत्र ठरवा. काम झाल्यावर ५ लिटरच्या मापाने प्रत्येक नोझल तपासा, व्हॅक्यूम पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा. फरक आला तर आतल्या जोडात पेट्रोल वाफेच्या बाजूला झिरपतंय.

९. टाकीतला गाळ

टाकी धुतल्यावर निघणारा गाळ २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तिसऱ्या क्रमांकाच्या प्रक्रियेखाली येतो. अधिकारपत्र असलेल्यालाच द्या, ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, फॉर्म ३ मध्ये नोंद ठेवा आणि नेताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद, घ्या. वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. जीपीसीबीचं ऑनलाइन काम एक्सजीएन पोर्टलवर चालतं. अधिकारपत्र कंपनीच्या नावे की तुमच्या, हे टाकी उघडण्याआधी ठरवा. साफ करणारा माणूस ‘गाळ आम्हीच नेतो, काळजी करू नका’ म्हणाला तर काळजी करा. कागदाशिवाय गेलेला गाळ कुठल्या नाल्यात सापडला तर मालक म्हणून तुमचंच नाव निघतं.

जनरेटर घेत असाल तर जुलै २०२३ पासून लागू झालेल्या उत्सर्जन मानकांचा (सीपीसीबी चार-प्लस) घ्या. स्वस्तातला जुना साठा गळ्यात मारून घेऊ नका.

१०. रोजची वही

एकच जाड वही पुरे. प्रत्येक टँकरला: नंबर, वाफेचा होज जोडला का, किती कप्पे एकदम सोडले, व्हेंटवर काही दिसलं का. आठवड्याला: होजला चिरा, नोझलचं रबर, मॅनहोलची झाकणं, जाळी. व्हॅक्यूम पंप बंद पडला तर तारीख-वेळ, कुणाला फोन केला, कधी सुरू झाला. बंद पडलेलं नोझल नोंदीसह दाखवलेलं परवडतं. लपवलेलं मात्र निरीक्षकाने शोधलं की पर्यावरण भरपाईपर्यंत प्रकरण जातं.

हाताने डिप घ्यायची तर पहाटे, टाकी थंड असताना. पेट्रोल अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. १५,००० लिटरच्या साठ्यात दोन अंशांनी ३० लिटरचा फरक दिसतो, आणि नवा माणूस गळती समजून घाबरतो किंवा, जास्त वाईट, खरी गळती तापमानाच्या नावावर खपवतो. सलग आठवडाभर घट एकाच बाजूला जात असेल तर टाकी आणि लाइनीची चाचणी करून घ्या.

११. विश्वामित्री

हे बडोद्याचं खास प्रकरण. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरांनंतर नदीकाठच्या भागात पंप काढणाऱ्याने हा विचार टाळू नये. (मगरी फोरकोर्टवर येतात, हे खरं आहे. पण त्यांच्याकरता परवाना लागत नाही, वनखात्याला फोन पुरतो.)

रिकामी २० किलोलिटरची टाकी पाण्यात बुडाली की तिच्यावर सुमारे २० टनांचं उचल बळ येतं. काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी बांधलेली नसेल तर ती उचलली जाते आणि सगळ्या लाइनी मोडते. म्हणून बांधताना पट्टे, आणि पाण्याचा इशारा आला की शक्य तेवढा साठा भरलेला ठेवा. फिल आणि डिपची झाकणं, वाफेच्या जोडाची टोपी गॅस्केटसह घट्ट. व्हेंटचं तोंड तुमच्या जागेवरच्या जुन्या पूररेषेच्या वर आहे का हे नकाशातच बघा. ४ मीटर ही किमान उंची आहे, त्याहून जास्त ठेवायला कुणाची बंदी नाही.

पाणी ओसरल्यावर वीज लावण्याआधी मॅनहोलमधली वाफ मोजणाऱ्या यंत्राने तपासा. मग पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट काठीला लावून डिप. आता इथेनॉलचं मिश्रण आहे, म्हणून साधी पेस्ट फसवते. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि खाली पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसतो. इथेनॉल मिश्रणासाठीचीच पेस्ट वापरा. थर दिसला तर विक्री बंद, कंपनीला कळवा, आणि उपसलेला माल वरच्या नवव्या पायरीप्रमाणे मॅनिफेस्टवरच बाहेर पाठवा. वाफेच्या लाइनींत पाणी शिरलं असेल तर त्या नायट्रोजनने मोकळ्या करून, पुन्हा दाब चाचणी घेऊन, मगच नोझल उघडा.